मरोळ नाक्याखालचं कर्ज

साकीनाक्याला वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो धरली की पहिलंच स्टेशन मरोळ नाका. बसायला जागा बघेपर्यंत ते येतं. सकाळी नऊच्या सुमाराला इथे उतरणारी गर्दी आता सगळीच्या सगळी रस्त्यावर जात नाही. बरेचजण जोडपुलाकडे वळतात, एक तिकीट संपवून दुसरं काढतात, सरकत्या जिन्यावर उभे राहतात आणि खाली, मग आणखी खाली जात राहतात. वर खांबांवरून धावणारी मेट्रो-१ आहे, खाली खडकातून जाणारी मेट्रो-३. साकीनाक्याहून बीकेसीला जाणाऱ्या माणसाची सकाळ आजवर अंधेरी-कुर्ला रोडवर बसच्या दांड्याला लोंबकळत जायची. आता त्याला भुयाराचा रस्ता मिळाला आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तो थेट कफ परेडपर्यंत मोकळा आहे.

संपादकांनी या अंकासाठी ‘उसनवारी’ हा विषय काढला तेव्हा मला ही खालची मेट्रो आठवली. ३३.५ किलोमीटरची ही मार्गिका उभी राहिली ती मोठ्या प्रमाणावर जपानकडून घेतलेल्या कर्जावर. रोज तिच्यातून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक आहे. ते कळावं असं मला मनापासून वाटतं, कारण या कर्जाचे कर्जदार आपण आहोत. म्हणून साकीनाका, मरोळ, खैरानी रोड या पट्ट्यात हिंडलो, माणसांशी बोललो आणि कर्जाचे कागद समजून घेतले.

वरची मेट्रो, खालची मेट्रो

मरोळ नाक्याला एकमेकींवर आलेल्या या दोन मेट्रोंचा पैसा दोन अगदी वेगळ्या वाटांनी आला.

मेट्रो-१ वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर अशी जाते. ती ८ जून २०१४ ला सुरू झाली. ती खासगी भागीदारीतून बांधली गेली. मोठा हिस्सा रिलायन्स इन्फ्राचा, २६ टक्के एमएमआरडीएचा आणि थोडासा एका फ्रेंच कंपनीचा. सरकारने व्यवहार्यता निधी म्हणून काही रक्कम घातली, बाकीची उभारणी कंपनीने बँकांकडून कर्ज काढून केली. बाजारभावाने काढलेलं कर्ज तिकिटातून फेडायचं असलं की ओढाताण ठरलेली. पहिल्या दिवसापासून भाड्यावरून वाद झाला. २०१५ साली दरनिश्चिती समितीने ११० रुपयांपर्यंतचं भाडं सुचवलं, ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि वाढ थांबली. २०२४ साली राज्य सरकारने ही मार्गिका विकत घ्यायचं ठरवलं आणि काही महिन्यांत तो बेत सोडूनही दिला. साकीनाक्याचा माणूस मात्र या सगळ्या काळात त्याच चार डब्यांत दाटीवाटीने प्रवास करत राहिला.

मेट्रो-३ ची मालकी मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनची, म्हणजे केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी. मूळ अंदाज होता २३,१३६ कोटी रुपयांचा. त्यातले १३,२३५ कोटी, म्हणजे जवळपास ५७ टक्के, जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडून यायचे होते. वर्तमानपत्रांत या संस्थेला ‘जायका’ म्हणतात, आणि पुण्यात तर नदीसुधारणेचं काम ‘जायका प्रकल्प’ याच नावाने ओळखलं जातं. पुढे मेट्रो-३ चा खर्च वाढत वाढत ३७,२७६ कोटींवर गेला आणि कर्जही त्याबरोबर वाढलं.

गाळ्यातला हिशेब

खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत एक गाळा आहे. दाराशी लोखंडाच्या कुरळ्या छिलक्यांचं पोतं, आत कुलंटचा तेलकट वास, दोन जुनी लेथ आणि कोपऱ्यात एक सीएनसी मशीन. मशीनच्या काचेआड गज फिरत होता आणि त्याच्यावर दुधासारख्या पांढुरक्या पाण्याची धार पडत होती. मशीनला जोडलेल्या पडद्याच्या पिवळ्या चौकटीवर ‘फानुक’ असं नाव होतं. ही जपानी कंपनी. साकीनाका-कुर्ल्याच्या पट्ट्यात जॉबवर्क करणाऱ्या अनेक गाळ्यांमध्ये तिचे कंट्रोलर दिसतात. गाळ्याचे मालक पाटण तालुक्यातले, साठीच्या आसपासचे. कामगार त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागलो.

मी मेट्रोच्या कर्जाबद्दल लिहितोय म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो धंदेवाल्याचा.

“व्याज किती?”

“पहिल्या करारात १.४ टक्के.”

“महिन्याला?”

“नाही मामा, वर्षाला.”

त्यांनी कापडाला हात पुसले. “आणि मुदत?”

मुदत तीस वर्षांची, त्यातली पहिली दहा वर्षं फक्त व्याज भरायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. हे ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले. त्यांच्या या मशीनचं कर्ज पाच वर्षांचं होतं आणि व्याज मेट्रोच्या कितीतरी पट. सवलत मिळाली होती तीन महिन्यांची. त्यात मशीन उशिरा आलं, मग थ्री फेजची जोडणी वाढवून मिळायला वेळ गेला आणि पहिला जॉब निघायच्या आधीच पहिला हप्ता कापला गेला. तो हप्ता त्यांनी जुन्या लेथच्या कमाईतून भरला होता.

मग त्यांनी मला जे विचारलं, ते मी पुढे कागद चाळताना सतत मनात ठेवलं. “दहा वर्षं दिली ते चांगलं केलं. पण दहा वर्षांत गाडी सुरू झाली का?”

देणारा देश आधी घेणारा होता

सप्टेंबर २०१३ मध्ये भारत सरकार आणि जायका यांच्यात मेट्रो-३ चा पहिला करार झाला. रक्कम ७,१०० कोटी येन, तेव्हाच्या भावाने साधारण साडेचार हजार कोटी रुपये. २०१८ साली पुढच्या टप्प्याचे १०,००० कोटी येन आले. अशी कर्जं जपान टप्प्याटप्प्याने देतो. आधीच्या पैशाचं काम किती झालं, अडलं कुठे, हे पाहून पुढचा करार होतो.

इतकं स्वस्त कर्ज कुणी का द्यावं? याचं उत्तर थोडं मागे जाऊन मिळतं.

युद्धानंतरचा जपान स्वतः उधारीवर उभा राहिला. टोकियो ते ओसाका पहिल्या शिंकान्सेनसाठी त्याने १९६१ साली जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलर कर्ज घेतलं, १९६४ साली गाडी धावली, आणि जागतिक बँकेची सगळी देणी १९९० साली फेडून झाली. गंमत म्हणजे दुसऱ्यांना कर्ज द्यायला त्याने त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. १९५८ साली जपानने आयुष्यातलं पहिलं येन-कर्ज दिलं, आणि ते भारताला दिलं. १,८०० कोटी येन. त्याला मागची ओळख कारणीभूत होती. १९५२ च्या शांतता करारात भारताने युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा हक्क सोडला होता, आणि त्याआधी नेहरूंनी टोकियोच्या मुलांसाठी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण पाठवली होती. पण जपानची गरजही होती. त्याला लोहखनिज हवं होतं आणि यंत्रसामग्रीसाठी बाजारपेठ हवी होती. सुरुवातीच्या कर्जांत जपानी माल घ्यायची अट असायची.

जपानी मदतीचा स्वभाव तेव्हापासून फारसा बदललेला नाही. युरोपातले बरेच देश मदत अनुदान म्हणून देतात. जपानच्या मदतीत कर्जाचा वाटा श्रीमंत देशांमध्ये सर्वाधिक असणाऱ्यांपैकी आहे. परतफेड करायची आहे हे माहीत असलेला देश पैसा जपून वापरतो, अशी त्यांची धारणा आहे. मला ती बऱ्याच अंशी पटते. फक्त ती खरी ठरायला परतफेड करणाऱ्या जनतेला कर्ज घेतल्याचं माहीत असावं लागतं, आणि आपल्याकडे गाडं अडतं ते इथे.

राजकारणही यात आहेच. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर जपानने नवी कर्जं थांबवली, ती बंधनं उठली ऑक्टोबर २००१ मध्ये. पुढे दोन-तीन वर्षांत चीनला मागे टाकून भारत येन-कर्जाचा सर्वात मोठा ग्राहक झाला आणि तिथून दिल्ली मेट्रोचे पुढचे टप्पे, मालगाड्यांचा समर्पित मार्ग, आपला अटल सेतू, अशी रांग लागली. चीनशी असलेली स्पर्धा त्यामागे आहे हे कुणी लपवतही नाही.

पैसा नेमका येतो कसा

लोकांची समजूत अशी असते की टोकियोहून पैशांचा ढीग येतो आणि कुणीतरी तो खर्च करतं. प्रत्यक्षात कर्जाची सगळी रक्कम एकदम हातात पडत नाही.

मरोळ नाक्याखाली समजा ठेकेदाराने महिनाभरात अमुक मीटर काँक्रीट ओतलं. तो बिल करतो. सल्लागार अभियंता मोजमाप तपासून बिलावर सही करतो. मग ते मेट्रो कॉर्पोरेशनकडे जातं आणि तिथून अर्थ मंत्रालयाच्या परकीय सहाय्याचे हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयामार्फत जायकाकडे दावा जातो. काही वेळा आपण आधी पैसे देऊन मागून भरपाई घेतो, काही वेळा जायका थेट ठेकेदाराला पैसे चुकते करते. काम झालं नाही तर पैसा निघत नाही. करार येनमध्ये आहे, परतफेडही येनमध्येच. म्हणजे येन महागला की आपला हप्ता रुपयांत फुगतो. १.४ टक्क्यांचं अप्रूप सांगताना हा धोका सहसा सांगितला जात नाही.

त्याआधीचा टप्पा निविदांचा. मोठ्या कंत्राटांत निविदेचा मसुदा, कंपन्यांची छाननी, बोलींचं मूल्यमापन आणि अंतिम करार, अशा प्रत्येक पायरीवर जायकाची सहमती लागते. सरकारी अभियंते तिला ‘कन्करन्स’ म्हणतात. अशा प्रकल्पांवर नोकरी काढलेल्या एका निवृत्त अभियंत्यांकडे मी चहाला बसलो होतो. या कन्करन्सबद्दल ते बराच वेळ बोलले. सुरुवातीला त्यांना तिचा वैताग यायचा. एक शंका आली की पंधरवडा जायचा. नंतर तिचा उपयोगही कळला. वरून कुणाचा फोन आला की कागद जपानकडे आहे, असं सांगता यायचं.

कामाच्या जागेवरही कर्जाबरोबर काही गोष्टी येतात. दिल्ली मेट्रोच्या काळात जपानी सल्लागारांनी हेल्मेट आणि सुरक्षाबूट यांचा आग्रह धरला, तो पुढे देशभरातल्या मेट्रोच्या कामांवर पसरला. बांधकाम मजुरांमध्ये एचआयव्हीबद्दल जागृती करण्याची अटही करारात असते. घरापासून हजार किलोमीटर लांब, पत्र्याच्या वसाहतीत राहणाऱ्या झारखंड-बंगालच्या मजुराला ठेकेदार अशी गोष्ट आपण होऊन क्वचितच सांगेल.

जपानी पैसा, चिनी भागीदार

मरोळमध्ये एक समज घट्ट आहे, की जपानचं कर्ज म्हणजे जपानी कंपन्यांनी बांधलेली मेट्रो. प्रत्यक्षात मरोळ नाका, एमआयडीसी आणि सीप्झ या तीन स्टेशनांचा टप्पा एल अँड टी आणि शांघायची एक बोगदा कंपनी यांनी मिळून बांधला. शेजारच्या विमानतळाच्या टप्प्यात जे. कुमार आणि दुसरी एक चिनी कंपनी. गिरगाव-काळबादेवीच्या बाजूला मॉस्कोची मेट्रो बांधणारी रशियन कंपनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनसोबत होती, मुंबई सेंट्रल ते वरळीकडे तुर्की कंपनी. गाड्या फ्रेंच अल्स्टॉमच्या, आंध्रातल्या श्रीसिटीत बनलेल्या. सल्लागारांच्या गटात मात्र अमेरिकी आणि फ्रेंच कंपन्यांबरोबर पॅडेको ही जपानी कंपनी आहे.

मेट्रो-३ च्या प्रकारच्या कर्जाला जपानी माल घ्यायचं बंधन नसतं. बांधील प्रकारही आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन त्यात मोडते. तिच्या मूळ खर्चाचा ८१ टक्के भाग जपानने ०.१ टक्के व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीने देऊ केला, पण त्या बदल्यात जपानी तंत्र आणि ठरावीक प्रमाणात जपानी खरेदी बांधून घेतली. व्याज कमी म्हणून ते कर्ज स्वस्त, असं मी म्हणणार नाही. विक्रेता एकच असला की भाव तो ठरवतो. व्याजाच्या टक्क्यापेक्षा खरेदीची अट आधी वाचावी, हे मामांना सांगितलं तर त्यांना लगेच पटेल. मेट्रो-३ चं मोकळं कर्ज या हिशेबात मला जास्त हिताचं वाटतं.

बोगदे खोदणारी १७ यंत्रं आली, त्यांना सूर्या, वैतरणा, तानसा, गोदावरी, वैनगंगा अशी नद्यांची नावं दिली गेली. मुंबईचा खडक काळ्या बेसाल्टचा, पण सगळीकडे सारखा नाही. मध्येच ठिसूळ थर लागतो, पाणी लागतं. यंत्र पुढे सरकतं तसं मागे काँक्रीटच्या कमानींची कडी बसवत जातं. स्टेशनं मात्र यंत्राने होत नाहीत, तिथे वरून रस्ता उकरावा लागतो. मरोळच्या दुकानदारांनी पत्र्यांच्या आड जी वर्षं काढली ती या उकरण्याची. पत्रे लागले तेव्हा गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, असं एका हार्डवेअरवाल्याने सांगितलं. ते उठल्यावर दुकान पुन्हा दिसू लागलं, पण तोवर गिऱ्हाइकांना दुसऱ्या दुकानांची सवय लागली होती.

अटी कुणाच्या कामाच्या

भारताच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत मेट्रो रेल्वेचा समावेश नाही. म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणे शहराच्या पोटातून तेहतीस किलोमीटर बोगदा काढायला त्या अधिसूचनेखालची पूर्वपरवानगी लागत नाही. कर्ज देणाऱ्याच्या नियमांना मात्र मोठ्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल लागतो, पुनर्वसनाचा आराखडा लागतो आणि ते जाहीर करावे लागतात. जागेचा कागद हाती नसलेल्या कुटुंबालाही त्या नियमांत बाधित म्हणून जागा आहे. झोपडी कुठल्या सालची, यावर माणसाचं भवितव्य ठरणाऱ्या शहरात याचं मोल मोठं आहे. जे संरक्षण आपल्या संसदेने द्यायला हवं ते परक्या सावकाराच्या अटीतून येतं, याची मला लाज वाटते.

पण अटी असल्या म्हणजे त्या पुरतात असंही नाही. साकीनाक्याहून आरे काही किलोमीटरवर. या मार्गिकेचं कारशेड तिथेच आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने तिथल्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. पुढे सरकार बदललं, कारशेड कांजूरमार्गला नेण्याचं ठरलं, तेही न्यायालयात अडकलं, पुन्हा सरकार बदललं आणि २०२२ साली कारशेड आरेत परत आलं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कॉर्पोरेशनला परवानगीपेक्षा जास्त झाडांसाठी अर्ज केल्याबद्दल दहा लाखांचा दंड केला. कारशेड तिथे हवं की नको यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. रात्रीच्या अंधारात करवती चालवण्याच्या बाजूने मात्र काहीही बोलता येणार नाही.

जायकाकडे तक्रार नोंदवण्याची स्वतंत्र पद्धत आहे. प्रकल्पामुळे नुकसान झालेले किंवा होऊ घातलेले दोन किंवा अधिक रहिवासी तिच्या तपासनीसांकडे थेट जाऊ शकतात. हे तपासनीस प्रकल्प राबवणाऱ्या विभागाच्या बाहेरचे असतात. ही सोय मरोळमध्ये ज्यांना ज्यांना विचारली त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नव्हती. नुसतं कर्ज सांगून भागत नाही, हा दरवाजाही सांगायला हवा.

हा दरवाजा नव्हता तेव्हाही आवाज पोचला होता. सरदार सरोवराच्या जनित्रांसाठी जपानने १९८५ साली कर्ज दिलं होतं. नंदुरबारच्या सातपुड्यातली गावं बुडणार होती. नर्मदा बचाव आंदोलनाची बाजू जपानपर्यंत गेली, तिथल्या पर्यावरणवाद्यांनी ती उचलून धरली आणि १९९० साली जपानने पुढचा पैसा थांबवला. जागतिक बँक त्या प्रकल्पातून बाहेर पडली ती १९९३ मध्ये. जपान आधी मागे हटला, हे महाराष्ट्रात फारसं कुणाच्या लक्षात नाही.

अजिंठ्याचं कुलूप

कर्जाने बांधलेलं टिकतं का, हे पाहायला अजिंठ्याकडे जावं. जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळचा विकास १९९२ पासून दोन टप्प्यांत झाला. रस्ते, झाडं, लेण्यांचं जतन, विमानतळाची सुधारणा. लेण्यांपाशी खासगी गाड्यांचा धूर पोचू नये म्हणून त्या चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरला थांबवून बस देण्याची व्यवस्था याच विचारातली, आणि ती उत्तम आहे. दुसऱ्या टप्प्यात अजिंठा आणि वेरूळला भव्य अभ्यागत केंद्रं उभी राहिली. आत लेण्यांच्या प्रतिकृती होत्या. काही वर्षं ती चालली. मग वीज आणि पाण्याच्या बिलांची थकबाकी साचली आणि दारांना कुलूप लागलं.

कर्ज घेताना इमारतीचा खर्च धरला जातो. तिचं वीजबिल, दुरुस्ती, पहारेकरी हे ज्याचं त्याने बघायचं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. पुण्यात तर पैसा असून काम हललं नाही. मुळा-मुठेच्या सांडपाणी प्रकल्पाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला, व्याज ०.३ टक्के, मुदत चाळीस वर्षं. निविदा अंदाजापेक्षा फार वर आल्या, त्या रद्द झाल्या आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२२ उजाडलं. तोवर मैला नदीत जातच राहिला.

जिन्याच्या बाहेर

मरोळ नाक्याच्या खालच्या स्टेशनात दिव्यांग माणसाला कुणाची मदत न घेता फलाटापर्यंत जाता येतं. लिफ्ट आहे, अंधांसाठी उंचवट्याच्या फरशा आहेत, गाडी आणि फलाट यांच्यामध्ये काचेची भिंत आहे. आखणी विचाराने केली आहे हे पावलोपावली जाणवतं.

मग तुम्ही बाहेर येता. फरशा जिथे संपतात तिथे पदपथावर लावलेल्या मोटारसायकली, उघडं गटार, चहाची टपरी, शेअर रिक्षांची रांग, आणि त्यातून वाट काढणारी माणसं. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस इथून साकीनाक्याच्या चौकापर्यंत जाऊच शकणार नाही. अंधेरी-कुर्ला रोड, साकी विहार रोड आणि घाटकोपरकडून येणारा जोडरस्ता जिथे मिळतात त्या चौकात तर धडधाकट माणूसही सिग्नल बघून नाही, गाड्यांच्या ड्रायव्हरांच्या डोळ्यांत बघून रस्ता ओलांडतो. स्टेशनच्या आत कर्जाची अट होती म्हणून नीट झालं. बाहेरचा पदपथ महापालिकेचा, रिक्षाचा थांबा वाहतूक पोलिसांचा, बस बेस्टची. त्यांना एकत्र बसवायला कुठलाही करार नव्हता.

पहिल्या टप्प्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी एवढीच गाडी सुरू झाली तेव्हा डबे बऱ्याच अंशी रिकामे धावले. मार्ग अपुरा होता हे मोठं कारण. पण ज्या स्टेशनांपर्यंत चालत जाणं नकोसं असतं तिथे गर्दी सावकाशच वाढते. मे २०२५ मध्ये मार्ग वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत वाढला आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेच्या पावसात त्या स्टेशनच्या अर्धवट प्रवेशद्वारातून पाणी आत घुसलं. सेवा अलीकडच्या वरळी स्टेशनापर्यंत आखडती घ्यावी लागली. मूळ बोगदा मजबूत होता, पाणी आलं ते तोंडाशी राहिलेल्या कामातून.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर

दहा वर्षांत गाडी सुरू झाली का?

पहिला करार सप्टेंबर २०१३ चा. मुद्दलाची दहा वर्षांची सवलत सप्टेंबर २०२३ ला संपली. पहिली गाडी प्रवाशांना घेऊन धावली ७ ऑक्टोबर २०२४ ला. म्हणजे त्या पहिल्या कर्जाची मुद्दल फेडायची वेळ आली तेव्हा तिकिटाचा एक रुपयाही जमा झालेला नव्हता. दहा वर्षांची सवलत देण्यामागचा हेतूच असा असतो, की बांधून व्हावं, प्रवासी यावेत, उत्पन्न सुरू व्हावं आणि मग हप्ता सुरू व्हावा. कंत्राटं उशिरा निघाली, करोना आला, कारशेडने दोन सत्तांतरं पाहिली, आणि ती सगळी सवलत आपण खोदकामातच संपवली. पाटणच्या मामांनी जुन्या लेथच्या कमाईतून हप्ता भरला. मेट्रो-३ ची जुनी लेथ म्हणजे आपला कर. हा कर्जाचा टप्पा फेडून व्हायला २०४३ उजाडेल.

हे सगळं मी गाळ्यात पुन्हा जाऊन सांगितलं तेव्हा मामांनी मशीन थांबवलं. “मग त्यांनी आपल्याला विचारलं का नाही, उशीर का केला म्हणून?”

विचारतात. अशा मोठ्या कर्जांचं काम पूर्ण झाल्यावर साधारण दोन-तीन वर्षांत बाहेरच्या मूल्यमापकांकडून जायका त्याची तपासणी करते. वेळेत झालं का, खर्च किती वाढला, ठरलेले प्रवासी मिळाले का, चालवणाऱ्या संस्थेकडे देखभालीला माणसं आणि पैसा आहे का, यावर श्रेणी दिली जाते आणि अहवाल जाहीर होतो. प्रवाशांनाही प्रश्न विचारले जातात. मेट्रो-३ ची ती तपासणी अजून व्हायची आहे. ते आले की त्यांनी फक्त फलाटावर उभं राहून फॉर्म भरून घेऊ नयेत. चाकाच्या खुर्चीवरच्या एखाद्या प्रवाशाबरोबर वर यावं, अंधेरी-कुर्ला रोडच्या पदपथावरून साकीनाक्याच्या चौकापर्यंत आणि तिथून खैरानी रोडवरच्या गाळ्यापर्यंत जायचा प्रयत्न करावा, आणि तो कुठे थांबला हे अहवालात लिहावं. मामांनी त्यांच्यासाठी आत्ताच एक प्रश्न काढून ठेवला आहे. पुढचं कर्ज देताना पदपथाचाही खर्च त्यात धरणार का, तेवढं विचारा, म्हणाले.